यादीत नसलेला मिक्सर

आमचे आजोबा जामबागेतल्या शाळेत मास्तर, वडील सरकारी कचेरीत, दोन्ही काका वकील. मी आयटीआय करून गाड्यांच्या वायरिंगला लागलो तेव्हा घरात सुतक पाळलं नाही, एवढंच. गणपतीत मराठी मंडळी जमली की आई 'मधू इलेक्ट्रिकलमध्ये आहे' अशी माझी ओळख करून द्यायची आणि लगेच समोरच्याच्या ताटात लाडू वाढायची. तोंडात लाडू असला की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता मी सहासष्ट वर्षांचा आहे आणि त्याच मंडळींची मुलं 'काका, तुमच्या त्या राहायच्या गाड्या बघायला कधी येऊ?' म्हणून फोन करतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

कुकटपल्लीला कारखान्यांच्या गल्लीत माझी शेड आहे. शेजारी खाजाभाई पत्र्याचं आणि लाकडाचं काम करतात. आम्ही दोघं मिळून एक चहा तीन वेळा पितो आणि दिवसभर एकमेकांच्या कामाला नावं ठेवतो. पहिली तीस वर्षं मी बसगाड्या, रुग्णवाहिका, डोळे तपासणाऱ्या फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या असलं काम केलं. गेल्या सहा-सात वर्षांत एक नवीनच जमात पैदा झाली. हे लोक मालवाहू व्हॅन घेतात, आतून लाकूड ठोकतात, पलंग बसवतात, ओटा बसवतात, पडदे शिवतात आणि तिच्यात राहत गावोगाव फिरतात. सगळं स्वतःच्या हातानं, मोबाइलवर व्हिडिओ बघून. वायरिंगपाशी आले की मात्र व्हिडिओ पुरत नाही. मग ते माझ्याकडे येतात, काही जण धूर निघायच्या आधी आणि काही जण नंतर.

ज्यांनी असली गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीची स्वतःची एक बॅटरी असते, ती इंजिन चालू करायला. तिच्यावर रात्रभर पंखा लावून झोपलात तर सकाळी पंखा बंद आणि गाडीही बंद. म्हणून राहायच्या गाडीत घरासाठी दुसरी बॅटरी असते. गाडी पळत असताना इंजिन तिला भरतं, उभी असताना टपावरचं सोलर पॅनल भरतं. ही बॅटरी म्हणजे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकीत किती पाणी आहे हा एक प्रश्न आणि नळातून एका वेळी किती येतं हा दुसरा. बॅटरीच्या करंटचा घरच्यासारखा करंट करून देणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर. तो आपला नळ. टाकी भरलेली असली तरी नळ लहान असेल तर बादली लवकर भरत नाही, आणि इन्व्हर्टर तर नळापेक्षा तापट. त्याच्याकडे जास्त मागितलं की तो सरळ बंद पडतो आणि ओरडतो. लोकांना टाकी समजते. नळ विसरतात. या दोन वाक्यांवर माझं पोट चाललं आहे.

बाकीचं काम म्हणजे शिस्त. बॅटरीतून वायर निघाली की वीतभर अंतरात फ्यूज. पत्र्यातून वायर गेली की भोकाला रबरी कडं, नाहीतर गाडी हादरून हादरून पत्रा वायर कापतो. एका गृहस्थांनी हे कडं बसवलं नव्हतं. त्यांच्या गाडीत फ्रीज चालू झाला की हॉर्न वाजायचा. फ्रीज दर वीस मिनिटांनी चालू होतो. ते कुटुंब अख्खं श्रीशैलमला जाऊन आलं तसंच, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या शिव्या खाऊन आलं. दुसऱ्या एकांना बॅटरी आग्नेय कोपऱ्यात हवी होती, वास्तुशास्त्राप्रमाणे. मी त्यांना हात जोडून म्हटलं की साहेब, गाडी वळली की आग्नेय पण वळते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की बॅटरी मागच्या चाकाच्या वरच्या जागेत बसवा, गाडी कुठं तोंड करून उभी करायची ते मी बघतो. आजही ते कुठं मुक्कामाला गेले की होकायंत्र घेऊन आधी खाली उतरतात. त्यांच्या गाडीत कधी बिघाड झाला नाही, हे खाजाभाई मला दर महिन्याला ऐकवतात.

माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाईक आलं की मी गाडी बघत नाही. आधी एक कोरा कागद देतो आणि सांगतो की घरी जा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही कुठलं कुठलं बटण दाबता ते वेळेसकट लिहून आणा. त्या कागदावरून बॅटरी ठरते, वायरची जाडी ठरते, सगळं ठरतं. या कागदाचा मला फार गर्व होता. इतर वायरमन अंदाजानं माल बसवतात, मी माणूस वाचून बसवतो, असं मी चारचौघांत म्हणत असे.

वसंतराव आले ते हा कागद मागायच्या आधीच घेऊन आले. हायकोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. राहायला नल्लकुंट्याला. त्यांनी दीड वर्ष खपून गाडी स्वतः सजवली होती, आणि सुतारकाम इतकं नेटकं की खाजाभाईंनी कपाटाचं दार तीन वेळा उघडून बंद केलं आणि काही बोलले नाहीत. खाजाभाई गप्प राहिले म्हणजे ती मोठी दाद.

वसंतरावांची अडचण साधी होती. झोपेत त्यांचा श्वास अडकतो. डॉक्टरांनी नाकाला लावायचं मशीन दिलेलं, ते रात्रभर हवा आत ढकलत राहतं. एक रात्रही त्याच्याशिवाय काढायची नाही अशी सक्त ताकीद. त्यामुळे चार वर्षांत हे जोडपं एकही रात्र नल्लकुंट्याबाहेर झोपलं नव्हतं. आणि आता उषाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, उदगीरजवळच्या गावात. आई लवकर गेली, तेव्हा या अक्कांनीच उषाताईंना वाढवलेलं. तीन रात्रींचा मुक्काम करायचा होता. गावात करंट गेला की चार-चार तास येत नाही. वसंतरावांना एकटं टाकून जायला उषाताई तयार नव्हत्या आणि मशीन घेऊन गावच्या भरवशावर झोपायला वसंतराव तयार नव्हते. म्हणून ही गाडी. उषाताई पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्याच नाहीत. आत पडदे लावत होत्या. मी विचारपूस केली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला फक्त अक्काला ओवाळायचं आहे. बाकी तुम्ही दोघं बघा."

वसंतरावांचा कागद बघून माझे डोळे निवले. फुलस्केपवर दोन्हीकडे समास सोडून, वळणदार अक्षरात, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. दिवा किती वेळ, पंखा किती वेळ, मोबाइल, दाढीचं यंत्र, रेडिओ, मशीन. प्रत्येकापुढे वॅट, प्रत्येकापुढे तास, खाली बेरीज. चाळीस वर्षांत असा कागद मला कुणी दिला नव्हता. एका वेळी फार तर तीनशे वॅट लागत होते, मी दुप्पट क्षमतेचा, म्हणजे सहाशेचा इन्व्हर्टर धरला आणि मशीनही त्याच्यावरच घेतलं. कागद मी शेडमध्ये भिंतीला चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो की बघा, गिऱ्हाईक असं असावं.

काम झालं की मी गिऱ्हाइकाला एक रात्र त्याच्याच दारात गाडीत झोपायला सांगतो. काही बिघडलं तर घर दहा पावलांवर असतं. त्याप्रमाणे शनिवारी ती दोघं त्यांच्या फाटकाशी गाडीत झोपली. निघायचं बुधवारी होतं. रविवारी सकाळी सहाला मी निकाल बघायला नल्लकुंट्याला पोचलो, जाताना बेकरीतून उस्मानिया बिस्किटंही घेतली होती, कौतुकाच्या चहाबरोबर खायला.

फाटकाशी वसंतराव बनियनवर उभे होते, चेहरा पांढराफटक. मास्कच्या पट्ट्यांचे वळ गालावर तसेच. गाडीत अंधार. इन्व्हर्टर ओरडत होता आणि उषाताई ओट्याशी हातात मिक्सरचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्यात चटणीचे न वाटलेले शेंगदाणे. झालं होतं असं की रात्र छान गेली होती. साडेपाचला उषाताई नेहमीप्रमाणे उठल्या, इडलीचं पातेलं गॅसवर चढवलं आणि चटणीला मिक्सर लावला. घरचा मिक्सर साडेसातशे वॅटचा आणि सुरू होतानाचा पहिला हिसका त्याहून मोठा. इन्व्हर्टरनं मान टाकली. त्याच्याबरोबर मशीन बंद पडलं आणि गाढ झोपेतले वसंतराव नाकातोंडावर मास्क असताना हवा बंद झाल्यानं गुदमरून उठले. त्यांना इजा काही झाली नव्हती. पण माणूस घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी रागावतो.

ते मला म्हणाले, "मधुकरराव, हे नक्को. घराच्या दारात ही गत, तर गावात काय होईल? मी कुठे जात नाही. अक्कांना फोन करून सांगतो."

मीही कमी नाही. मला माझ्या वायरिंगचा राग लगेच येत नाही, आधी दुसऱ्याचा येतो. मी शेडमधून कागद सोबत आणला होता, तो काढला आणि म्हटलं की वसंतराव, यात मिक्सर कुठे आहे ते दाखवा. मी तुमच्या कागदाप्रमाणे काम केलं आहे. ते म्हणाले की कागदात एक वॅट चुकलेला नाही, मी दोनदा पडताळला आहे. आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून त्या कागदावरून भांडलो. दूधवाला थांबून ऐकत होता.

उषाताईंनी भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि कागद मागितला. त्या जामबागेतल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवायच्या हे मला तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत सावकाश खाली आल्या. एका ओळीवर बोट थांबलं आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली, "साडेसहा ते सात, चहा-नाश्ता. वीज लागत नाही."

वसंतराव म्हणाले की बरोबर आहे, शेगडी गॅसची आहे.

"बेरीज बरोबर आहे," उषाताई म्हणाल्या. "पण यादीत मी कुठे आहे?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. उत्तरपत्रिका परत देताना बोलावं तसं बोलल्या. पण वसंतरावांनी मान खाली घातली. लग्न झाल्यापासून बेचाळीस वर्षं नाश्ता रोज समोर आला होता, आणि तो कुठल्या बटणावर येतो हे त्या हुशार माणसाला माहीत नव्हतं. मग उषाताई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आणि तुम्ही तर दीड महिना गाडीत येत होता. मी आतच होते. मला एकदा विचारलं असतं तर?"

मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. फिरत्या दवाखान्याच्या एका गाडीत मी तिथल्या मोठ्या साहेबांनी दाखवलं तिथं पंखा बसवला होता. वर्षभरानं गाडी दुरुस्तीला आली तेव्हा त्यातली नर्स म्हणाली की दादा, हा पंखा दिवसभर फायलींना वारा घालतो, मी घामानं निथळते. मी तो किस्सा हसत हसत किती लोकांना सांगितला असेल. त्या रविवारी तो आठवला आणि हसू आलं नाही. गाडी ज्याच्या नावावर, त्यालाच मी चाळीस वर्षं विचारत आलो होतो. माणूस वाचतो म्हणायचो, आणि निम्मी माणसं मी उघडूनही बघितली नव्हती.

बिस्किटं तशीच पुड्यात राहिली. मी गाडी घेऊन सरळ कुकटपल्लीला गेलो. खाजाभाईंना रविवारीच बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उस्ताद, साहब की गलती नक्को बोलो. कागज़ तुम लटकाए थे ना दीवार पे?" मग स्वतःच पत्रा कापायला बसले.

सोमवार-मंगळवार आम्ही दोघांनी मान वर केली नाही. मशीनची वायर इन्व्हर्टरवरून काढली आणि थेट बॅटरीवर घेतली, तिचा स्वतःचा फ्यूज, तिची स्वतःची वाट. त्या मशीनला बॅटरीवर चालवणारा जोड बाजारात मिळतो, तो आणला. आता इन्व्हर्टर मरो की जगो, वसंतरावांच्या हवेला त्याचं देणंघेणं नव्हतं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. माणसाचा श्वास आणि चटणी एका नळावर ठेवायची नसते, एवढी अक्कल मला चाळीस वर्षांनी यावी याची लाज वाटते, म्हणून इथं लिहून ठेवतो. मोठा इन्व्हर्टर बसवला, त्याच्या वायरी बोटाएवढ्या जाड घातल्या. आणि ओट्याजवळ सॉकेट कुठे हवं ते उषाताईंना शेडमध्ये बोलावून विचारलं. त्यांनी हात लांब करून दाखवलं, मी खडूनं खूण केली. त्या म्हणाल्या, थोडं डावीकडे, माझा उजवा खांदा दुखतो. चार बोटं डावीकडे घेतलं.

वसंतराव अजून बिचकत होते. मंगळवारी संध्याकाळी शेडमध्येच मी त्यांना पलंगावर आडवं केलं, मास्क लावला, मशीन सुरू केलं, आणि उषाताईंना सांगितलं की आता लावा मिक्सर. रिकामा नको, भरून लावा. मिक्सर गरजला. मशीन आपलं शांतपणे हवा देत राहिलं. मग मी स्वतःच्या हातानं इन्व्हर्टर बंद केला. मिक्सर थांबला, दिवा गेला, मशीन चालूच. मास्कच्या आतून वसंतरावांनी अंगठा वर केला. उषाताई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या, आणि चटणीचा हात लागल्यानं डोळे आणखी झोंबत होते. खाजाभाईंनी ती चटणी बोटानं चाखून मीठ कमी आहे असं सांगितलं.

बुधवारी ते गेले. शुक्रवारी दुपारी उषाताईंचा फोन आला, मागे नुसता गलका. ऐन कार्यक्रमात गावचा करंट गेला होता. मग वसंतरावांनी गाडी अंगणात घेतली, वायर लांबवून अक्कांच्या खुर्चीजवळ पंखा लावला, आणि चाळीस माणसांची चटणी गाडीत वाटली गेली. वसंतराव इन्व्हर्टरपाशी स्टुलावर बसून कोर्टातल्यासारखे पुकारा करत होते की मिक्सर चालू असताना कुणीही इस्त्री लावायची नाही. ओवाळून झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "झालं हो. आणि अक्का आता गाडीतून उतरायला तयार नाही. म्हणते, आजची रात्र इथंच झोपते, तुझे वसंतराव ओट्याखाली झोपू देत."

तेव्हापासून मी एकच कागद देत नाही. घरात जितकी मोठी माणसं तितके कागद, आणि एकमेकांचे बघायचे नाहीत. त्यातून जे बाहेर येतं त्यावर वेगळा लेख होईल. एका आयटीवाल्या जोडप्यात नवऱ्याच्या कागदात कॉफीचं यंत्र होतं आणि बायकोच्या कागदात 'कॉफीचं यंत्र घरीच ठेवायचं' असं लिहिलेलं होतं. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवून चहा सांगायला बाहेर गेलो. खाजाभाई आणि मी अर्धा तास बाहेरच उभे होतो.

उषाताईंचा फोन आला त्या संध्याकाळी मी ही सगळी हकिकत शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, रंगवून सांगितली. 'यादीत मी कुठे आहे' तर मी आवाज काढून करून दाखवलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "आपल्या घराचा कागद कोणी लिहिला होता?"

आमच्या घराचं वायरिंग मी स्वतः केलं आहे, सत्तावीस वर्षांपूर्वी. आजतागायत एक दिवा फडफडलेला नाही. पण स्वयंपाकघरात सॉकेट एकच, फ्रीजच्या मागे. त्यामुळे शैला रोज सकाळी मिक्सर उचलते, बाहेरच्या खोलीत आणते, माझ्या खुर्चीशेजारच्या सॉकेटला लावते. त्याचं झाकण ढिलं आहे, म्हणून मी पेपर एका हातात धरून दुसऱ्या हातानं झाकण दाबून धरतो. वाटण झालं की ती तो जड मिक्सर परत आत नेते. सत्तावीस वर्षं हे मी रोज बघत होतो. मला वाटायचं, तिला सकाळी माझ्याजवळ यायला आवडतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की भाजीचं ताट मांडीवरून कलंडलं.

पुढच्या रविवारी मी तिच्या हातात खडू दिला. तिनं जागा दाखवली, मी भिंत खोदली, पाईप टाकला, सॉकेट बसवलं. दुपारपर्यंत स्वयंपाकघरभर सिमेंटची धूळ, ती मी पुसली. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान काम. बघायला खाजाभाई मिठाई घेऊन आले होते.

सोमवारी सकाळी मिक्सरचा आवाज आतून आला. बाहेरची खोली शांत होती. माझे दोन्ही हात मोकळे होते आणि पेपर दहा मिनिटांत वाचून संपला. मंगळवारीही तेच. बुधवारी मी खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली. शैलानं मागे न बघता विचारलं की इथं वाटेत काय मांडलं आहे.

म्हटलं, झाकण धरायला आलो.

तिनं मिक्सर माझ्याकडे सरकवला.